बॉक्स उतरवण्याआधी

भिलाईच्या पोलाद कारखान्यात रूळ कसा उतरला हे पाहायला तो तोडत नाहीत. युनिव्हर्सल रेल मिलमधला १३० मीटरचा अखंड रूळ अल्ट्रासोनिक तपासणीतून जातो. आत भेग किंवा पोकळी असली तर ती बाहेरूनच सापडते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, तेव्हापासून या गावातल्या पिढ्या यंत्राचा आवाज, तापमान आणि दाबाचा काटा यांच्यावर लक्ष ठेवण्याच्या कामावर वाढल्या आहेत. त्याच गावात दहा-बारा वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीने गिअर बदलताना झटका मारला, की 'बॉक्स उतरवावा लागेल' हा निकाल कोणी बॉनेट उघडण्याआधीच मान्य केला जातो. त्या निकालाचा खर्च अनेकदा जुन्या गाडीच्या बाजारभावाशीच स्पर्धा करतो आणि धडधाकट इंजिनाची गाडी भंगारात जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी दुरुस्त करता येत नसला, तरी त्याच्या निदानाचा पहिला टप्पा घरीच, मालकाच्या हातून व्हायला हवा. तो टप्पा एकदा हुकला की पुढे कितीही चांगला मिस्त्री भेटला तरी भरून निघत नाही.

तो का हुकतो हे समजून घेण्यासारखे आहे. ऑटोमॅटिकची बहुतेक दुखणी तेल थंड असताना एक रूप दाखवतात आणि तापल्यावर दुसरे. सकाळी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत लिव्हर डी वर टाकल्यावर गाडी तीन सेकंद जागची हलत नाही, ही खूण फक्त घरच्या फाटकाशीच दिसते. गाडी टाउनशिपच्या सेक्टरमधून निघून सुपेला भागाच्या गर्दीतून गॅरेजपर्यंत पोहोचते तेव्हा तेल तापलेले असते आणि ती खूण नाहीशी झालेली असते. मिस्त्री एक फेरी मारतो, त्याला काहीच जाणवत नाही. मग तो अनुभवावरून अंदाज बांधतो, आणि अंदाज बांधताना माणूस मोठ्या दुखण्याकडे झुकतो. यात त्याची लबाडी असेलच असे नाही. त्याच्यासमोर पुरावाच आलेला नसतो, आणि तो पुरावा जमवू शकणारा एकमेव माणूस म्हणजे रोज गाडी चालवणारा.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून होते: आपल्या गाडीत नेमका कुठला ऑटोमॅटिक आहे? आपल्याकडे एकाच शब्दाखाली चार वेगळी यंत्रे मोडतात. जुन्या झेन, सँट्रो, आय-टेन किंवा ए-स्टारच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. जुन्या होंडा सिटीत पट्ट्यावर चालणारा सीव्हीटीही मिळत असे. काही जर्मन गाड्यांत दोन क्लचचा बॉक्स असतो. आणि २०१४ मध्ये सेलेरियोबरोबर आपल्याकडे आलेला एएमटी हा मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाहाताऐवजी यंत्र करते. हा फरक कळला नाही तर पुढचे सगळे निदान चुकते. एएमटी गाडी पहिल्या गिअरमध्ये थरथरत उठत असेल, चढावर जळका वास येत असेल, तर तिथे झिजलेली क्लच प्लेट हा पहिला संशयित, आणि ती मॅन्युअल गाडीत बदलतात तशीच बदलण्याची वस्तू आहे. मारुतीच्या एजीएस नावाच्या एएमटीमध्ये क्लच हलवणाऱ्या यंत्रणेच्या तेलाची वेगळी छोटी टाकी असते. ती कमी भरलेली असेल तरी गिअर पडायला कुरकुर होते. अशा गाडीला 'ऑटोमॅटिक बॉक्स गेला' म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. बॉक्समधला पंप तेल ओढतो, वॉल्व्ह बॉडी ते योग्य वाटेने पाठवते आणि त्या दाबाने आतल्या क्लच प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. तेल कमी झाले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो, तेलाला फेस येतो, दाब पडतो, प्लेटा घसरतात. मग इंजिनाची रेस वाढते पण गाडी उचलत नाही. प्लेटा खरोखर झिजल्या असल्या तरी लक्षण हेच! लक्षण एकच आणि कारणे दोन: एक तेलाच्या डब्याइतके स्वस्त, दुसरे पूर्ण बॉक्स खोलण्याइतके महाग. म्हणून तेल पाहिल्याशिवाय घसरण्यावर मत देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. तेल पाहण्याचीही रीत आहे. सपाट जागा हवी, गाडी पंधरा-वीस मिनिटे चाललेली हवी. हुंडाईच्या डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आणतात आणि मग डिपस्टिक काढतात. होंडाच्या बहुतेक जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन बंद करून साधारण दीड मिनिटाच्या आत पाहतात. एकीची रीत दुसरीला लावली तर पातळी चुकीची दिसते आणि पुरेसे तेल असताना वर आणखी ओतले जाते. त्यानेही फेस होतो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचे ते एक पान शोधून काढण्यात गेलेला अर्धा तास फुकट जात नाही.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकून पाहावा. नितळ लालसर थेंब कागदावर पसरला तर काळजीचे कारण कमी. तपकिरी रंग म्हणजे वय झाले. काळा रंग आणि करपल्याचा वास म्हणजे प्लेटा जळल्या आहेत, आणि तिथे नुसते तेल बदलून काही होणार नाही. गुलाबी, दुधाळ थेंब दिसला तर गाडी त्याच क्षणी बंद करावी. अनेक गाड्यांत बॉक्सचे तेल रेडिएटरच्या आतल्या नळीतून थंड होते. ती नळी कुजली की पाणी तेलात शिरते. कुलंटऐवजी वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरलेल्या गाड्यांत हे होण्याची शक्यता अधिक. एका थेंबात एवढी माहिती असते, आणि ती पाहायला एकही पाना लागत नाही.

यापुढचे काम निरीक्षणाचे आहे, आणि खरे निदान इथेच घडते. दुखणे केव्हा होते, कुठल्या गिअरला होते, पुढे जाताना की मागे येताना, हे वहीत लिहावे. सकाळी थंड असताना गिअर उशिरा लागतो आणि दहा मिनिटांत सगळे सुरळीत होते, तर वयाने कडक झालेल्या रबरी सीलकडे बोट जाते. सकाळी ठीक आणि दुपारी बिघडत असेल तर तापून पातळ झालेले तेल आत कुठेतरी गळते आहे, किंवा पंप थकला आहे. डी मध्ये घसरते पण रिव्हर्स कडक लागतो, म्हणजे पंप आणि तेलाचा मुख्य दाब बहुधा शाबूत आहे. दोष पुढच्या क्लचच्या बाजूला आहे. दोन्हीकडे हलतच नसेल तर तेल, पंप किंवा लिव्हरची केबल. केबलच्या टोकाचे बुश झिजले की लिव्हर डी दाखवतो आणि बॉक्स मात्र अधल्यामधल्या जागी असतो. साठ-सत्तरच्या वेगाला, पायाचा दाब हलका असताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर होते, ती टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचची असू शकते. पण जुन्या स्पार्क प्लगमुळे चुकलेले इंजिनही तशीच थरथरते, आणि फाटलेले इंजिन माउंटिंग गिअर टाकताना तसाच धक्का देते. लिव्हर पी मधून निघतच नसेल तर आधी मागचे ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे. ते दिवे आणि लिव्हरचे कुलूप या दोहोंचा स्विच बऱ्याच गाड्यांत एकच असतो.

विजेच्या बाजूलाही हाच क्रम. बॅटरी मरगळलेली असेल, तिच्या टोकांवर पांढरी बुरशी असेल, तर गिअरबॉक्सचा संगणक गोंधळतो आणि बॉक्सला एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. त्याला निकामी बॉक्स समजू नये, ती बचावाची सोय आहे. ओबीडीची, म्हणजे गाडीने आपले दोष स्वतःच नोंदवण्याच्या यंत्रणेची, सक्ती आपल्याकडे २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली, त्यामुळे तिच्या आधीच्या गाडीत मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर चालेलच असे नाही. जिथे चालतो तिथे कोड टिपून घ्यावा, पुसू नये, आणि तो निकाल समजू नये. पी ०७०० हा कोड एवढेच सांगतो की गिअरबॉक्सच्या संगणकाकडे काहीतरी तक्रार नोंदलेली आहे. गिअरचे प्रमाण चुकल्याचा पी ०७३० हा कोड झिजलेल्या प्लेटांमुळे येतो तसाच कमी तेलामुळेही येतो. गॅरेजमध्ये बॅटरीची तार काढली तर अनेक गाड्यांत ही नोंद पुसली जाते, म्हणून ती आधी आपल्या वहीत हवी.

यावर पहिला आक्षेप असा की हे तज्ज्ञाचे काम आहे, अर्धवट ज्ञानाने नुकसान होईल. आक्षेप खरा आहे, म्हणून मर्यादा ठाम हवी. ब्रेक दाबून पूर्ण रेस देण्याची 'स्टॉल टेस्ट' घरी कधीही करू नये. काही सेकंदांत तेल धोकादायक तापते आणि ब्रेक निसटला तर समोरचा माणूस जातो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये. डिपस्टिकच नसलेला बॉक्स असेल तर त्याची पातळी ठरावीक तापमानाला, खालच्या प्लगमधून पाहतात. ते गॅरेजवर सोडावे. पाहणे, ऐकणे, हुंगणे आणि लिहिणे एवढेच घरचे काम. तज्ज्ञाला बाजूला सारायचे नाही. त्याच्या हातात आज जे नसते ते द्यायचे आहे. डॉक्टरकडे जाताना ताप किती वाजता चढतो हे सांगणारा रुग्ण डॉक्टरचा अपमान करत नाही.

दुसरा आक्षेप येतो की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर विश्वास ठेवावा, त्यांच्याकडे यंत्रे आहेत. यंत्रे आहेतच, आणि ती बराच काळ इतरांना मिळू दिली गेली नाहीत, हीच अडचण आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. त्या आदेशावर पुढे अपिले झाली, पण कंपनीबाहेरच्या मिस्त्रीला माहितीपासून लांब ठेवले जाते हे दुखणे त्याने नोंदवले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली तेव्हा तिच्या क्षेत्रांत मोटारीही होत्या. माहितीचे पारडे असे एका बाजूला झुकलेले असताना मालकाने आपल्या निरीक्षणाचे वजन दुसऱ्या पारड्यात टाकणे मला आवश्यक वाटते.

तिसरा आक्षेप तेलाबद्दलच आहे, आणि त्यात दोन परस्परविरोधी समजुती एकत्र नांदतात: एक, तेल आयुष्यभरासाठी आहे, दुसरी, जुने तेल बदलले की बॉक्स बसतो. पहिली समजूत भिलाईच्या हवेत टिकत नाही. तेल सुमारे ८० अंशांच्या पुढे दर दहा-अकरा अंशांनी तापले की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे, आणि मे महिन्यात इथे हवाच ४४-४५ अंशांपर्यंत जाते. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी या दोन क्लचच्या बॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायला घेतले, ते उष्ण-दमट हवामानात विजेचे दोष उद्‌भवल्यामुळे. हवामानाचा आणि तेलाचा संबंध बनवणाऱ्यानेच तिथे मान्य केला. निवृत्त माणसाची गाडी फार धावत नाही हा युक्तिवादही अपुरा आहे, कारण घर ते सिव्हिक सेंटर अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल नीट तापत नाही आणि आतली ओल उडून जात नाही. दुसऱ्या समजुतीत तथ्याचा अंश आहे. ज्याच्या प्लेटा आधीच जळल्या आहेत त्या बॉक्समध्ये नवे तेल घातल्यावर घसरणे उघडे पडते. तेलाने तो मारलेला नसतो. अशा बॉक्समध्ये यंत्राच्या दाबाने सगळे धुऊन काढण्यापेक्षा थोडे थोडे तेल बदलणे शहाणपणाचे. आणि तेल पुस्तिकेत नाव दिलेलेच हवे. सीव्हीटीमध्ये साधे ऑटोमॅटिकचे तेल घातले तर पट्टा घसरून बॉक्स खरोखरच मरतो.

एक गोष्ट नागपूरशी येणे-जाणे असलेल्या इथल्या मराठी घरांसाठी मुद्दाम सांगतो. घसरणारी गाडी 'तिकडे ओळखीचा मिस्त्री आहे' म्हणून अडीचशेहून अधिक किलोमीटर चालवत नेऊ नका. वाटेत ज्या प्लेटा वाचल्या असत्या त्याही जळतात. ती दोरीने ओढूनही नेऊ नका, कारण इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही आणि फिरणाऱ्या चाकांबरोबर आतले भाग तेलाविना घासतात. गाडी फ्लॅटबेडवर, चाके रस्त्याला न टेकता गेली पाहिजे. आणि बॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी मिस्त्रीकडून तीन गोष्टी कागदावर मागा: तेलाची पातळी आणि रंग, स्कॅनरवर आलेला कोड, आणि गेज लावून मोजलेला तेलाचा दाब. त्या कागदाशेजारी आपली वही ठेवा. दोन्हींचा मेळ बसेपर्यंत बॉक्स गाडीतच राहू द्या.