टँकर मागवण्याआधी खालच्या टाकीत एकदा डोकवा

खारघरकरांनो, मे महिन्यात आपण सगळेच पाण्यावर बोलत होतो. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी "आज प्रेशर आहे का?" हा मेसेज. हंडा मोर्चे, सिडकोला निवेदनं, टँकरवाल्याशी हुज्जत. आता जुलै उजाडला, पांडवकडा कोसळतोय, आणि पाण्याचा विषय बासनात. पुढच्या मार्चपर्यंत तो कोणी बाहेर काढणार नाही. म्हणून मुद्दाम आत्ताच लिहितोय. गळकी टाकी शोधायला पावसाळ्यासारखा दुसरा मोसम नाही. का, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खाली लगेच "सिडकोची वकिली करताय का" सुरू होईल. खारघरला पाणी सिडको पुरवते. पनवेल महानगरपालिका २०१६ साली झाली तरी पाण्यासाठी आपलं बोट सिडकोकडेच जातं, आणि ते बरोबर आहे. पाणी पुरेसं हवं, रोज हवं, दाबाने हवं, ही मागणी सोडायचं काहीच कारण नाही. पण मीटर ओलांडून पाणी आपल्या गेटच्या आत आलं की ते आपलं. ते रात्रीतून जमिनीत मुरत असेल तर त्याचं निवेदन कोणाला देणार?

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी रोजच्या टँकरचं वार्षिक कंत्राट करावं असा विषय आला होता. त्याआधी एकाने साधी मागणी केली, की खालची टाकी एक रात्र मोजून बघू. रात्री साडेअकराला इनलेट बंद, पंप बंद, आणि पट्टीवर पाण्याची खूण. पहाटे साडेपाचला परत पाहिलं तर पाणी ५ सेंटीमीटर खाली. पाच सेंटीमीटर म्हणजे दोन-तीन बोटं. ऐकणारा हसतो. पण आता हिशोब करा. टाकी ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ४० चौरस मीटर. तिच्यात १ सेंटीमीटर पाणी म्हणजे ४०० लिटर. ५ सेंटीमीटर म्हणजे २,००० लिटर, तेही सहा तासांत. त्याच वेगाने चोवीस तासांत ८,००० लिटर. दहा हजारी टँकरच्या भाषेत सांगायचं तर पाच दिवसांत चार टँकर. माणशी १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष धरला तर जवळजवळ साठ माणसांचं रोजचं पाणी. एक थेंब कोणाला दिसला नाही, कुठे डबकं नाही, कुठे ओल नाही.

किती गळती चालते, याचंही माप आहे. पाण्याच्या काँक्रीट टाक्यांसाठी आयएस ३३७० हे भारतीय मानक आहे. त्यात जमिनीखालच्या टाकीची चाचणी दिली आहे. टाकी भरायची, काँक्रीटला पाणी पिऊ द्यायला सात दिवस थांबायचं, मग पुढचे सात दिवस रोज पातळी नोंदवायची. या सात दिवसांत मिळून पातळी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरली नाही, तर साधारणपणे टाकी ठीक मानतात. आमची एका रात्रीत ५० मिलिमीटर उतरली होती.

आता इथे बहुतेक सोसायट्या जे करतात ते सांगतो. टाकी गळते म्हटल्याबरोबर वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन. तो येतो, झाकण उघडून टॉर्च मारतो आणि म्हणतो, "पूर्ण टाकी करावी लागेल साहेब." आमच्याकडेही असाच एकजण आला आणि काही लाखांचं कोटेशन ठेवून गेला. गळती कुठे आहे हे त्याला विचारलं तर उत्तर, "सगळीकडून करू ना, मग टेन्शनच नाही." डॉक्टरने कुठे दुखतं हे न विचारता अख्खं अंग प्लास्टरमध्ये घालावं, तशातली ही गत. माझं ठाम मत आहे, की जागा सापडल्याशिवाय दुरुस्तीचा एक रुपयाही मंजूर करू नये.

आणि जागा सापडते. तिला मशीन लागत नाही, धीर लागतो.

सगळ्यात आधी ओव्हरफ्लो. टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा फ्लोट वॉल्व्ह, ज्याला आपण बॉलकॉक म्हणतो, तो अडकलेला असतो आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट पावसाळी गटारात जातं. पाणी येतं रात्री दोन-तीनला, तेव्हा बघणार कोण? आमच्या वॉचमन काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "गटारात रात्री पाणी वाहतंच की, रोजचंच आहे ते." कमिटीच्या चार मीटिंगांत जे कळलं नाही ते काकांना रोज रात्री ऐकू येत होतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बॉलकॉक बदलला, गटाराचा आवाज थांबला. पण वर सांगितलेली ५ सेंटीमीटरची रात्र ही इनलेट बंद ठेवूनची होती, म्हणजे ती गळती वेगळी होती.

मग पातळीची पद्धत. बहुतेक खालच्या टाक्यांना दोन कप्पे असतात, सफाईसाठी. एका कप्प्यावर सोसायटी चालवायची आणि दुसरा भरून, सगळे कॉक बंद करून सोडून द्यायचा. रोज एकाच वेळी पातळी लिहायची. पाणी उतरत उतरत एका उंचीवर येऊन थांबलं, तर भोक त्याच उंचीवर आहे. थांबतच नाही, तळ गाठतं, तर दोष तळात किंवा भिंत आणि तळाच्या सांध्यात. मधल्या भिंतीतून शेजारच्या कप्प्यात पाणी जात असेल तर तिकडची पातळी चढते, म्हणून दोन्हीकडचं लिहायचं. आमचं पाणी चौथ्या दिवशी दोन फूट उतरून थांबलं. त्या रेषेवर आतून फिरून पाहिलं तर कधीकाळी टाकलेल्या, आता बंद असलेल्या पाइपाचं भिंतीतलं भोक. पाइप आणि काँक्रीटच्या मधलं सिमेंट सुटून बोटभर फट पडलेली. लाखांच्या कोटेशनमध्ये या भोकाचा उल्लेखही नव्हता. ते बुजवायला जो खर्च आला तो महिनाभराच्या टँकर-बिलाहून कमी होता.

लिफ्टच्या खड्ड्यात किंवा बेसमेंटमध्ये सतत पाणी दिसत असेल तर ते पावसाचं की नळाचं, हाही वाद असतो. त्याला ओटी टेस्ट आहे. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासायला पाणीखात्याची माणसं जे दोन थेंब टाकतात तीच. खड्ड्यातलं पाणी पिवळं झालं तर ते आपलंच, विकतचं. पिवळं झालं नाही म्हणून टाकी सुटली असं मात्र समजू नका, मातीतून झिरपताना क्लोरीन उडून जातो.

आता पावसाळ्याचं. उन्हाळ्यात भेगेतून पाणी बाहेर जातं, आणि बाहेर कुठे गेलं ते दिसत नाही. पावसाळ्यात भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असते. टाकीतलं पाणी खाली घेतलं की त्याच भेगांतून बाहेरचं पाणी आत येताना डोळ्यांनी दिसतं. भिंतीवर ओघळ, सांध्यातून बारीक धार. खडूने गोल करायचे, फोटो काढायचे. खाडीकडच्या भरावाच्या सेक्टरांत हे जास्तच दिसेल. फक्त एक काळजी घ्या. जमीन तुडुंब असताना दोन्ही कप्पे एकदम रिकामे करू नका. रिकाम्या टाकीला खालून पाण्याचा दाब उचलायला बघतो, त्यात तळाला तडा जाऊ शकतो.

पण ही जी सोय मी सांगितली, तिचीच दुसरी बाजू माझ्या मते पाणीटंचाईहून गंभीर आहे. जी भेग पाणी बाहेर सोडते ती आतही घेते. खारघरमध्ये पाणी चोवीस तास येत नाही, म्हणजे टाकी दिवसातून एकदा तरी तळाला जाते. बाहेर जमीन भिजलेली, आणि टाकीपासून सात-आठ फुटांवर ड्रेनेजचं चेंबर. त्या चेंबरलाही भेग असेल तर मधल्या मातीतून काय कुठे जातंय? दर पावसाळ्यात एखाद्या विंगमध्ये जुलाब, कावीळ सुरू झाली की आपण पाणीपुरीवाल्याला नावं ठेवतो आणि घरोघर फिल्टरचं कार्ट्रिज बदलतो. फिल्टर स्वयंपाकघरात असतो हो. दात घासायचं पाणी, भांडी विसळायचं पाणी थेट टाकीतून येतं. पाण्याचा रिपोर्ट काढायचा तर टाकी भरलेली असताना नाही, तळाला गेलेली असताना नमुना घ्या. शक्यतो पावसाच्या दिवशीच घ्या.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. ओल्या भेगेवर नुसता सिमेंटचा लेप टिकत नाही. भेगेच्या कडेने भोकं पाडून त्यात पीयू ग्राउट दाबाने भरतात, ते पाणी लागताच फुगून भेग बंद करतं. पाइपाभोवतीचं जुनं सिमेंट खरवडून, न आकसणाऱ्या मसाल्याने भरायचं. मग आतून लेप. तो पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा आहे याचं प्रमाणपत्र कंत्राटदाराकडून लेखी घ्या, "सगळीकडे हेच वापरतो" यावर जाऊ नका. काम झाल्यावर परत सात दिवसांची पातळी, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर. जुन्या इमारतींना बांधतानाच बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग केलेलं असतं. ते आता जमिनीत गाडलेलं आहे, त्याच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

आणि टाकीत माणूस उतरवण्याबद्दल. बंद टाकीत हवा नसते, लेपाच्या वासाने तर उरलीसुरलीही जाते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला एका बांधकामाच्या जागी पाण्याच्या टाकीत उतरलेले ४ कामगार गुदमरून गेले. ती ड्रेनेजची टाकी नव्हती, पाण्याची होती. दोन्ही झाकणं उघडी, आत हवा सोडणारा ब्लोअर, कमरेला दोर आणि वर एक माणूस कायम हजर. हे नसेल तर काम त्या दिवशी होणार नाही, असं सेक्रेटरीने म्हणायला हवं. "अरे, दोन मिनिटांचं काम आहे" म्हणणारा शहाणा प्रत्येक सोसायटीत असतो, त्याला वर उभा करा.

पैशांची रड मला पटत नाही. आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती-देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के जमा व्हायला हवेत. तो निधी बिल्डिंगला रंग काढायला लगेच सापडतो, कारण रंग पाहुण्यांना दिसतो. टाकी कोणाला दिसते? पंधरा वर्षांवरच्या इमारतींना दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं आहे, आणि आपल्या जुन्या सेक्टरांतल्या कितीतरी इमारती आता त्या वयात आल्या आहेत. पण ऑडिटच्या रिपोर्टमध्ये खांब, गॅलऱ्या, गच्ची यांचे पानभर फोटो, आणि खालच्या टाकीला फार तर एक ओळ. ऑडिट नेमतानाच सात दिवसांची पातळी-चाचणी त्यात लिहून घ्या. आणि महापालिकेला माझं जाहीर सांगणं आहे, की सोसायट्यांकडून ऑडिट रिपोर्ट मागता तेव्हा ही चाचणी असल्याशिवाय तो स्वीकारू नका. ज्या गावात एका बाजूला टँकरच्या रांगा आहेत तिथे हा सोसायटीचा खासगी मामला राहत नाही. तुमच्या जमिनीत मुरलेलं पाणी शेवटच्या टोकाच्या सेक्टरच्या नळात गेलं असतं.

नवीन टॉवरवाल्यांनी तर जास्तच जागं राहावं. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. क्लबहाऊसचा एसी चालतो का, हे आपण हँडओव्हरच्या वेळी पाहतो. टाकी गळते का, हे पाच वर्षं उलटल्यावर पाहतो, आणि तोवर बिल्डर दुसऱ्या सेक्टरात दुसरी टाकी बांधत असतो.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या आहेत. विषयपत्रिकेत खालच्या टाकीची चाचणी घालायची असेल तर सेक्रेटरींना पत्र आत्ताच द्या, ऐनवेळच्या विषयात ते ढकललं जातं. आमच्याकडचा पातळी नोंदवायचा तक्ता साधा एका पानाचा आहे, तारीख, वेळ, कप्पा आणि मिलिमीटर. हवा असेल त्यांनी खाली सेक्टर नंबर लिहा, पाठवतो. आणि यंदा तुमच्या टाकीची पट्टी एका रात्रीत किती उतरली, तेही लिहा.