चौकोनात न मावणारे अक्षर

"सर, फी आम्ही मुलाने संगणक शिकावा म्हणून भरतो, रेघोट्या मारायला नव्हे!" पालकसभेत एका गृहस्थांनी मला सुनावले. त्यांच्या हातात मुलाने छापून नेलेला कागद होता. त्यावर अधिकची चिन्हे, आडव्या-उभ्या रेघा आणि टिंबे यांतून घर उभे राहिले होते, दारी तुळशीवृंदावनासह. त्या दिवशी माझे उत्तर अपुरे पडले. ते आज पुरे करतो.

मुलाने वापरला तो 'ईमॅक्स' हा मजकूर लिहिण्याचा मुक्त संपादक. त्यातील 'आर्टिस्ट मोड' सुरू करून माउस फिरवला की रेघ, चौकट, वर्तुळ उमटते. मात्र रंगाने नव्हे, कळफलकावरील चिन्हांनी. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आपल्या आयाबहिणींना यातले गणित समजावून सांगावे लागणार नाही. हा पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, इंटरनेटचा पायाभूत नियम १९८१ साली ज्या दस्तऐवजात मांडला गेला, त्यातील आकृत्या अशाच अधिक-उण्याच्या चिन्हांनी काढलेल्या आहेत.

दुसरा आक्षेप, "फुकटचे म्हणजे हलकेच!" फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला तो पैसे वाचवण्यासाठी नव्हे. प्रणाली वापरावी, तिची घडण वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी, हा हक्क त्यामागे आहे. महागड्या प्रणालीची चोरटी प्रत संगणकावर चढवायची आणि शेजारच्या वर्गात मूल्यशिक्षणाचा तास घ्यायचा, हे आपल्याला चालते काय?

आता खरी बोच सांगतो. मुलाने घरावर आपले नाव मराठीत घातले आणि भिंत सरकली! हा सारा खेळ 'एक चिन्ह, एक घर' या नियमावर चालतो. १९६३ च्या 'आस्की' संचात जागा १२८. त्यांत ना मराठी, ना कन्नड. पुढे युनिकोडने दोन्ही लिप्यांना प्रत्येकी १२८ जागांचा स्वतंत्र गट दिला खरा, पण आपण एका दमात उच्चारतो ते 'क्षि' यंत्राच्या लेखी चार चिन्हे. पडद्यावर ते किती घरे अडवील याचा नेम नाही. बाजूच्या कन्नड मुलाने नाव घातले, तर ओत्तक्षरापाशी त्याचीही भिंत सरकली. पाट्यांवरील अक्षरांसाठी आपण मोठी माणसे हमरीतुमरीवर येतो. इथे दोन्ही लिप्या एकाच उंबऱ्याबाहेर ताटकळत उभ्या आहेत.

बंद प्रणाली असती तर कंपनीला अर्ज करून वाट पाहत बसावे लागले असते. इथे घडण उघडी आहे. ती दोन्ही मुले आज ना उद्या ती वाचू शकतील, दुरुस्त करू शकतील आणि दुरुस्ती साऱ्या जगाला देऊ शकतील. ग्राहक तयार करायला बाजार समर्थ आहे. शाळेने कारागीर घडवावेत.

तेव्हा पालक महाशय, रेघोट्या चालूच राहतील. आपण एकदा वर्गात यावे आणि ती सरकलेली भिंत पाहावी.