परक्यांनी शिकलेली मराठी

गणपतीपुळ्याच्या उत्तरेला, याच कोकण किनाऱ्यावर बाणकोट आणि हर्णै. १८२३पासून स्कॉटिश मिशनरी तिथे राहिले, त्यांनी शाळा काढल्या. १८२९मध्ये आलेले जॉन विल्सन याच भागात मराठी शिकले आणि मग मुंबईत प्रचाराला लागले. मिशनरी जॉन स्टीव्हन्सन यांनी तर १८३३मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले. अशीच मेहनत तिकडे चीनमध्ये मिशनरी रॉबर्ट मॉरिसन यांनी केली; त्यांनी कँटनी बोलीचा कोश १८२८मध्ये मकावला छापला. परक्याला चिनी शिकवणाऱ्याला तिथे देहदंडाचे भय होते!

या मंडळींचा धर्मप्रचार आम्हाला मान्य नाही. त्यांचे भाषाकष्ट मात्र मनापासून मान्य आहेत. गणपतीपुळ्यात आज पाहुण्याशी पहिला शब्द आपणच हिंदीत बोलतो, याचे वाईट वाटते. म्हणून हा अंक मराठी शिकलेल्या परक्यांना दिला आहे.