रिकाम्या घराचे वर्णन

मराठी प्रवासवर्णनात अलीकडे एक घर वारंवार भेटू लागले आहे. ते इटलीत, बहुधा टस्कनीत असते. भिंती दगडी, छप्पर तांबूस कौलांचे, अंगणात ऑलिव्हची झाडे आणि समोर उतरत गेलेले द्राक्षमळे. लेखक सहकुटुंब ते घर आठ-पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेतो. सहल कंपनीच्या बसमधून धावणाऱ्या पर्यटकांविषयी आरंभीच दोन तुच्छतेची वाक्ये येतात, कारण लेखक स्वतःला पर्यटक समजत नाही. मग एक दिवस सिएना, एक दिवस सान जिमिन्यानो, एक दिवस फ्लॉरेन्स, आणि रोज संध्याकाळी त्या घरी परतणे. शेवटी निष्कर्ष असा की, खरी इटली आपल्याला संग्रहालयांत भेटली नाही, ती या घराच्या ओसरीवर भेटली. दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून हा साचा इतका रुळला आहे की वाचकाला पुढचे वाक्य आधीच ठाऊक असते.

आमचा आक्षेप घर भाड्याने घेण्याला नाही. ज्याला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. एका जागी पंधरा दिवस राहणे हे पंधरा दिवसांत पंधरा शहरे पाहण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचे. आमचा आक्षेप त्या घराच्या वर्णनाला आहे. या लेखनात भिंतींची जाडी कळते, चीझची चव कळते, खिडकीतून दिसणाऱ्या सरूच्या रांगाही कळतात. एक प्रश्न मात्र विचारला जात नाही. हे घर रिकामे कसे झाले? इतके भक्कम, इतक्या सुपीक जमिनीतले घर सोडून त्यातील माणसे गेली कोठे?

या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते गुप्त नाही. टस्कनी, उंब्रिया, मार्के या मध्य इटलीच्या प्रदेशांत शतकानुशतके मेत्झाद्रिया नावाची पद्धत होती. आपल्या भाषेत तिला अर्धेलीची बटई म्हणता येईल. जमीन मालकाची, त्या जमिनीवरचे घरही मालकाचे. राबणारे कुटुंब त्या घरात राही आणि निम्मे पीक मालकाला देई. खाली गुरांचा गोठा आणि वर स्वयंपाकघर व निजण्याच्या खोल्या, अशी त्या घराची रचना असे. हिवाळ्यात गुरांची ऊब वर पोचत असे. मालकाने करार मोडला की कुटुंबाला जमिनीबरोबर घरही सोडावे लागे. घरातल्या मुलामुलींच्या लग्नालाही पुष्कळ ठिकाणी मालकाची संमती लागत असे, कारण लग्नामुळे राबणारे हात आणि खाणारी तोंडे यांचा हिशेब बदले. दुसऱ्या महायुद्धानंतर वाट्यासाठी संघर्ष झाले, आणि पुढच्या दोन दशकांत तरुण पिढी शहरांतल्या कारखान्यांकडे निघून गेली. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार करण्यास बंदी घातली, १९८२ च्या कायद्याने उरलेल्यांचे खंडात रूपांतर करण्याची वाट मोकळी केली. तोवर असंख्य घरे ओस पडली होती. ती शहरी इटालियनांनी, इंग्रजांनी, जर्मनांनी, अमेरिकनांनी विकत घेतली. फ्रान्सिस मेझ यांचे ‘अंडर द टस्कन सन’ १९९६ मध्ये आले, त्यावरचा चित्रपट २००३ मध्ये आला, आणि त्या घराचे स्वप्न जगभर विकले जाऊ लागले.

म्हणजे आमच्या प्रवासवर्णनकाराला ज्या कमानीखालच्या बैठकीत बसून प्राचीन शांतता अनुभवास येते, ती बैठक बहुतेक वेळा गोठा असते. आणि ती शांतता प्राचीन नसते. तेथे पूर्वी बारा-पंधरा माणसांच्या कुटुंबाचा आणि गुरांचा गलबला असे. ते कुटुंब गेल्यामुळे निर्माण झालेली ती शांतता आहे. जे एका कुटुंबाच्या जाण्याचे चिन्ह आहे ते भूप्रदेशाचा स्वभाव म्हणून सांगणे, ही वर्णनातली चूक आहे. तिला आम्ही रसिकता म्हणावयास तयार नाही.

कोणी म्हणेल, परक्या देशात पाहुणा म्हणून गेलेल्याने इतक्या चौकश्या कशाला कराव्यात? परंतु मराठी प्रवासलेखनाची सुरुवात चौकश्यांनीच झालेली आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असे ऐकून दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेस निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला. कोणी आसरा दिला, कोणी जेवू घातले, पदरी काय पडले आणि वाटेत ते कसे लुटले गेले, हे त्या वृत्तान्ताचे अंगच आहे. हा प्रवासी यजमानाच्या ऋणात आहे आणि ते त्याला ठाऊक आहे. भाडे आगाऊ भरून किल्ली घेणाऱ्याला असे ऋण उरत नाही. हिशेब चुकता झाला, की कुतूहलही चुकते होते.

येथवर हा प्रश्न दूरदेशीचा होता. तो आमच्या दाराशी आला म्हणून हा लेख.

आमच्यापैकी एकाचे वडिलोपार्जित घर जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातील राजूर येथे आहे. पुण्यात स्थायिक झालेल्या चुलत्यांच्या मुलाने मध्यंतरी एक योजना सुचविली. घर माळवदाचे, ढाळज प्रशस्त, सागवानी खांब अजून सरळ. ते दुरुस्त करून सुटीसाठी भाड्याने द्यावे. राजुरेश्वराच्या गणपतीचे दर्शन पायी चालून होईल, एक दिवस अजिंठा, एक दिवस वेरूळ, संध्याकाळी माळवदावर चांदणे आणि ज्वारीची भाकरी. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग जालन्यावरून जातो, तेव्हा मोठ्या शहरांतली माणसे सहज येतील. सोबत त्याने छायाचित्रे कशी काढावीत याच्या सूचना धाडल्या होत्या. पत्र्याचे छप्पर आणि निळी पाण्याची टाकी दिसू नये. गोठ्याचे भोजनगृह करावे. आणि घराच्या मागल्या अंगाला जे कुटुंब राहते त्याची सोय ‘दुसरीकडे’ लावावी.

हे कुटुंब आमची जमीन बटईने करते. खरिपात कापूस आणि सोयाबीन. दसरा-दिवाळी झाली की नवराबायको मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि वसंत लागल्यावर परततात; साखर कारखान्याच्या हिशेबात ती दोन माणसे मिळून ‘एक कोयता’ असतात. मागे म्हातारी आई राहते, शेळ्या राहतात, आणि आमच्या घराला दिवा लागत राहतो तो तिच्यामुळे. पर्यटनाचा हंगाम थंडीचा, म्हणजे नेमका तिचा मुलगा आणि सून घरी नसतात तेव्हाचा. टस्कनीतले घर आधी रिकामे झाले आणि मग भाड्याने गेले. आमचे घर भाड्याने देण्यासाठी रिकामे करावयाचे आहे.

ही योजना वाचताना लाज वाटली, ती चुलतभावाची नव्हे. ती सूचना ज्या भाषेत लिहिली होती ती भाषा आमचीच होती. ‘अस्सल’, ‘निवांत’, ‘मातीशी नाते’ हे शब्द आम्हीच वर्गात ग्रामीण साहित्य शिकविताना वापरतो. जमीन आमच्या नावावर, राबणे दुसऱ्याचे, आणि गावाविषयीचे लेखन मात्र आमचे: ही वाटणी निमेनिम्हीचीही नाही.

या योजनेत राजूर हे इतिहासाबाहेरचे एक शांत खेडे आहे आणि सगळा इतिहास अजिंठ्याला व वेरूळला, तिकिटाच्या खिडकीपलीकडे आहे. हा भूगोल खोटा आहे. राजूरच्या क्षेत्रकथेपासूनच पाहावे. गणेशपुराणातील वरेण्य राजाने राणीच्या कुशीत सापडलेले विचित्र रूपाचे बाळ रानात टाकविले, पराशर ऋषींनी ते वाढविले, आणि त्याच गजाननाने पुढे सिंदुरासुराला मारून वरेण्याला गणेशगीता सांगितली. ती येथे सांगितली, अशी श्रद्धा आहे. अंगारकीला दूरदूरच्या गावांहून पायी येणारी माणसे ज्या टेकडीवर माथा टेकतात, तिची कथा घराबाहेर काढलेल्या मुलाची आणि त्याला ओळखण्याची आहे. सुटीसाठी आलेल्या पाहुण्याला ‘जवळचे देऊळ’ म्हणून ती दाखविली जाईल.

पुढे भोकरदन. हे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचे नाव आहे. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने येथे उत्खनन केले, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक अवशेष सापडला. इटलीत पाँपेई येथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली होती, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडली गेलेली ती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. भोकरदनच्या अवशेषाचे तिच्याशी असलेले साम्य पाहून, पाँपेईची मूर्तीही दख्खनच्या याच परिसरातल्या कारागिरांनी घडविली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इटलीच्या खेड्यातले घर भाड्याने घेणाऱ्या आणि पाँपेईची सहल करणाऱ्या मराठी लेखकाने या मूर्तीसमोर उभे राहून भोकरदनचे नाव घेतल्याचे आमच्या तरी वाचनात नाही. मग राजूरला येऊन तो भोकरदनवरून अजिंठ्याकडे जाईल तेव्हा गाडी कशासाठी थांबवील?

भोकरदन ज्या केळणा नदीवर आहे, त्याच नदीच्या खालच्या अंगाला असईचे रणांगण आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तेथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. ज्यांच्या यज्ञाच्या वार्तेने गोडसे भटजी घराबाहेर पडले त्या बायजाबाई या दौलतरावांच्या पत्नी. लढाईपूर्वी वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले की नदीला जवळपास उतार नाही. त्याने पाहिले की दोन्ही काठांवर दोन गावे समोरासमोर आहेत, आणि तर्क केला की समोरासमोरच्या गावांतली माणसे एकमेकांकडे जातयेत असणारच, तेव्हा उतार असलाच पाहिजे. तो होता. हा मनुष्य मुलूख जिंकावयास आला होता आणि त्याच्या कुतूहलात प्रेमाचा अंश नव्हता. तरीही घरे पाहून त्याच्या मनात माणसांच्या येण्याजाण्याचा विचार आला. आमच्या प्रेमळ, संवेदनशील, मातीशी नाते सांगणाऱ्या गद्याला घरे पाहून तोही येऊ नये, ही नामुष्कीची गोष्ट आहे.

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला व्यवहाराचा. शेती परवडत नाही, पाहुण्यांमुळे चार पैसे मिळाले तर तुमचे काय बिघडते? काहीच नाही. इटलीने १९८५ मध्ये कृषी पर्यटनाचा कायदा केला, २००६ मध्ये तो नव्याने केला. दोन्हींचे सूत्र एकच: पाहुण्यांची सोय करणारा स्वतः शेतकरी असावा आणि शेती हाच त्याचा मुख्य उद्योग राहावा. महाराष्ट्रातही बारामतीच्या परिसरातून २००५ पासून कृषी पर्यटनाची चळवळ उभी राहिली आणि शासनाने २०२० मध्ये त्याचे धोरण स्वीकारले. जो शेतकरी स्वतःच्या घरात पाहुण्याला उतरवितो, स्वतःच्या तोंडाने आपली कर्जे आणि आपली मोसंबी दोन्ही सांगतो, त्याच्या ओसरीवर आम्ही आनंदाने जाऊ. परंतु शहरात राहणाऱ्या मालकाचे, बटईदाराला हलवून सजविलेले घर या धोरणाच्या नावाखाली चालविणे म्हणजे उत्पन्नाचा तिसरा वाटा काढणे होय, आणि तोही मालकालाच.

दुसरा आक्षेप साहित्याचा. साहित्य म्हणजे समाजशास्त्र नव्हे. प्रत्येक सुंदर वस्तूमागे दुःख शोधत बसलो तर वर्णन करणेच अशक्य होईल. या आक्षेपाला आम्ही व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’कडे बोट दाखवितो. १९५५ मधील या कादंबरीचा निवेदक बाहेरून आलेला तरुण मास्तर आहे. तोही तेथे काही काळापुरताच राहावयास आला आहे. त्याच्या निवेदनात ना आकडेवारी आहे ना आक्रोश. पण दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी उठते, आणि ती कोणत्या कारणाने आणि कशी रिकामी झाली हे वाचकाला ठाऊक असते. जाणे हाच त्या पुस्तकाच्या सौंदर्याचा भाग आहे. सौंदर्यासाठी माणसे चौकटीबाहेर काढावी लागतात, हा समज छायाचित्रे काढणाऱ्यांचा आहे. मराठी गद्याने तो उसना घेण्याचे कारण नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आमची एवढीच विनंती आहे. प्रवासवर्णन शिकविताना शैली, विनोद, चित्रदर्शित्व यांच्या यादीत आणखी एक प्रश्न घालावा. लेखक ज्या घरात राहिला त्या घरात त्यापूर्वी कोण राहत होते, हे त्याच्या लेखनातून कळते काय? या प्रश्नावर गाजलेली पुस्तके उणी ठरली तर ठरू द्यावीत.

चुलतभावाला आम्ही कळविले आहे की माळवद यंदा दुरुस्त होईल, त्यावर पांढरी मातीही पडेल, कारण पावसाळ्यात म्हातारीच्या अंथरुणावर पाणी गळते. बटईचा जो व्यवहार आजवर तोंडी चालला तो कागदावर येईल, आणि घराचा मागला भाग त्या कुटुंबाकडेच राहील असे त्या कागदात लिहिले जाईल. पुढची ढाळज पाहुण्यांसाठी उघडावयाची की नाही, उघडली तर भाकरी कोणी थापावयाची आणि त्याचे किती मोल घ्यावयाचे, हे आम्ही एकट्यांनी ठरविण्याचे नाही. ती दोघे पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीवरून परततील. त्यांना विचारल्यावाचून त्या घराचे एकही छायाचित्र काढले जाणार नाही.