गावाचे नाव, माणसाचे नाव

हंगेरीच्या ईशान्येस, मिश्कोल्त्स शहराजवळ, सुमारे ३००० वस्तीचे शायोकाझा नावाचे एक खेडे आहे. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ते ऐकले असेल. परंतु त्या खेड्याने आपले नाव ऐकले आहे.

शायो ही तेथील नदी. जुन्या हंगेरियन भाषेत 'शो' म्हणजे मीठ आणि 'यो' म्हणजे नदी. ती उगम पावते त्या स्लोव्हाकियातही तिला 'स्लाना', म्हणजे खारीच, म्हणतात. नदीवाचक 'यो' पुढे लोपला. आजच्या हंगेरियन माणसास 'यो' म्हणजे केवळ 'चांगला'. याच नदीकाठी, खाली मुही येथे, १२४१ साली मंगोलांनी हंगेरीच्या राजाचे सैन्य बुडविले. पुढे १८९८ मध्ये, प्रत्येक गावास एकच अधिकृत नाव असावे, असा खास कायदा झाला. गावाच्या नावाची एवढी काळजी!

आणि त्या गावातील रोमा लोकांच्या नावाची? त्यांच्या भाषेत 'रोम' म्हणजे माणूस. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. रोमा भाषेत पाण्यास आजही 'पानी' म्हणतात. पण शेजारी त्यांना 'त्सिगान्य' म्हणत आले. बहुतेक पंडितांच्या मते हा शब्द ग्रीक 'अथिंगानोइ'पासून निघाला, आणि त्याचा अर्थ, ज्यास शिवू नये तो! १७६१ साली सम्राज्ञी मारिया थेरेसाने फर्मान काढले की यांस 'नवे हंगेरियन' म्हणावे. १७७३ मध्ये तिनेच त्यांची मुले आईबापांपासून काढून परक्या घरी ठेवण्याचा हुकूम दिला. वरून लादलेल्या नावाची किंमत ही अशी.

याच शायोकाझात २००७ साली टिबोर देर्दाक व यानोश ओर्शोश यांनी रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकर विद्यालय काढले. ही मुले मॅट्रिकच्या परीक्षेपर्यंत पोचावीत, हा त्यांचा हेतू. त्यांच्या बौद्ध समाजाने स्वतःच नाव घेतले : जयभीम. २०११ च्या कायद्याने अनेक धर्मसंस्थांची मान्यता गेली, त्यांत हीही होती. २०१४ साली स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने त्या कायद्यामुळे हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला.

आपणांस हे नवे वाटू नये. १९५६ साली ज्यांनी 'बौद्ध' हे नाव घेतले, त्यांस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले.