बहुपक्षीय म्हणजे कोणते पक्ष? उसाच्या एफआरपीवरून समजून घ्या

‘बहुपक्षीय सहकार्य’ असा शब्द बातमीत आला की पारावर एक प्रश्न हमखास येतो: कोणकोणते पक्ष एकत्र आले? युती-आघाड्या बघून बघून आपलं तसं होणारच. पण इथं पक्ष म्हणजे लग्नातल्या वरपक्ष-वधूपक्षासारखी बाजू. दोन देशांनी आपसांत ठरवलं तर द्विपक्षीय. अनेक देशांनी बसून सगळ्यांना एकच नियम लावून घेतला तर बहुपक्षीय. १६६ सदस्यांची जागतिक व्यापार संघटना ही त्यातलीच.

ऊसवाल्यांचा तिच्याशी थेट संबंध आहे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी तिथं भारताविरुद्ध तक्रार केली. उसाला ठरलेल्या १० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा जास्त आधार दिला जातो, निर्यातीलाही अनुदान मिळतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्या सरकारनं सांगितलं, एफआरपी कारखाने देतात, आम्ही नाही. (बिलासाठी हेलपाटे घातलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) पण १४ डिसेंबर २०२१ ला निकाल विरोधात गेला. भाव सरकार ठरवतं ना, मग पैसे कुणीही देवो, तो आधारच, असं पंचांनी धरलं.

तरी एफआरपी चालू कशी? निकालानंतर भारतानं अपील केलं. अपील ऐकायला तीन पंच लागतात, आणि अमेरिकेनं नेमणुका अडवल्यानं डिसेंबर २०१९ पासून तेवढे पंचच नाहीत. प्रकरण लोंबकळत पडलं.

बरं झालं, असं कुणी म्हणेल. मला नाही पटत. हेच पंच जागेवर होते तेव्हा कापसाच्या अनुदानावरून ब्राझीलनं अमेरिकेला हरवलं होतं. २०१४ मध्ये तडजोड करताना अमेरिकेला ३० कोटी डॉलर मोजावे लागले.

आता ऑगस्ट २०२५ आठवा. अमेरिकेनं आपल्या बऱ्याच मालावर ५० टक्के कर लावला. तक्रार करून जिंकलो असतो तरी समोरचा अपील करून मोकळा. मग उरली दोघांतली बोलणी, आणि त्यात ज्याचा हात वर त्याचं चालतं. त्याच महिन्यात केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. कारण दिलं वस्त्रोद्योगाचं. वेळ बघून शंका येते ती येतेच. आमच्या कपाशीला तेव्हा नुकती बोंडं धरत होती.