जुनी पाने आणि नवे यंत्र

गगनबावड्याच्या पावसापुढे कागद टिकत नाही, हे येथे राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. जूनपासून चार महिने कपाटातील वह्यांना ओल धरते आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी चढते. आमच्या शाळेने २००२ साली काढलेल्या स्मरणिकेच्या उरल्यासुरल्या प्रतींची हीच गत झाली, तेव्हा ती पुन्हा छापून घ्यावी असे माजी विद्यार्थ्यांनी ठरविले. चिंता कोणालाच नव्हती; कारण कागद कुजला तरी मजकुराची सीडी प्रस्तुत लेखकाच्या लोखंडी कपाटात सुरक्षित होती. ती संगणकाने वाचलीही. तिच्यातील पाने मात्र त्याला उघडता येईनात.

हा अनुभव केवळ एका शाळेचा असता तर त्यासाठी या पानाची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत महाराष्ट्रात जे काही छापले गेले, त्याचा मोठा भाग याच रीतीने सिद्ध झालेला आहे. खिळे जुळविणारे हात थांबले आणि त्यांच्या जागी पेजमेकर आला. ‘अल्डस’ या अमेरिकी कंपनीने १९८५ साली काढलेली ही पृष्ठरचनेची आज्ञावली १९९४ मध्ये अडोबीकडे गेली. २००१ साली तिची सातवी आवृत्ती निघाली, आणि तीच अखेरची ठरली. २००४ मध्ये कंपनीने तिचा पुढील विकास थांबविला. कोल्हापूर-सांगलीच्या छापखान्यांतून मात्र ती त्यानंतरही वर्षानुवर्षे नांदली. (तिच्या किती प्रती रीतसर विकत घेतलेल्या होत्या, हा प्रश्न विचारू नये. ज्या वस्तूचे पैसे दिले नाहीत तिच्याविषयी तक्रार कोणाकडे करणार?)

आता अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. शाळेचा संगणक नवा, विंडोज ११ चा. ही प्रणाली केवळ ६४ बिटी आहे आणि ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी आज्ञावली मुळीच चालत नाही. त्या काळातील कित्येक आज्ञावल्या स्वतः ३२ बिटी असत, पण त्यांना संगणकावर बसविणारा भाग मात्र १६ बिटी असे. त्यामुळे घरात जागा असूनही उंबऱ्यावरच अडखळावे, तसे होते. आज्ञावली कशीबशी बसलीच, तर तिला व्यवस्थापकाचे अधिकार द्यावे लागतात, जुन्या विंडोजचा आभास निर्माण करणारी सोय चालू करावी लागते, आणि पोस्टस्क्रिप्ट जातीचा छपाईयंत्रचालक नेमून द्यावा लागतो. त्यावरही मराठी लिपीच्या आज्ञावलीचे कुलूप उरते. काही लिपी-आज्ञावल्यांबरोबर एक लहानशी किल्ली येत असे. ती प्रिंटरच्या रुंद खोबणीत खोचल्याखेरीज मराठी अक्षर उमटत नसे. नव्या संगणकाला ती खोबणीच नसते.

एका माजी विद्यार्थ्याने लिबरऑफिस ही विनामूल्य आज्ञावली सुचविली. २०१५ पासून तिला पेजमेकरची पाने आयात करता येतात, आणि खरोखरच आमची पाने उघडली. चौकटी होत्या, रेघा होत्या, पृष्ठांक होते. मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक खच पडलेला होता.

मुळातील रोग हा आहे. यंत्राचे जुने-नवेपण हे त्याचे केवळ बाह्य लक्षण होय. त्या काळातील मराठी फॉन्ट हे वस्तुतः रोमन अक्षरांना घातलेले देवनागरीचे मुखवटे होते. कृतिदेव या प्रचलित फॉन्टचे उदाहरण घ्यावे. त्यात ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत ई, जे, के, बी, एच या रोमन अक्षरांच्या रूपाने साठविला जातो. फॉन्ट जागेवर असेल तोवर डोळ्यांना ‘मराठी’ दिसते. तो काढून घेतला की मुखवटा गळतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. एकीचा ‘म’ जेथे बसे तेथे दुसरीचा भलताच वर्ण, आणि हा क्रम व्यापारी गुपित म्हणून जपलेला.

प्रमाण नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली होती आणि १९९१ साली तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. पुण्याच्या सी-डॅकने या क्षेत्रात मोठे काम केले. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली आणि प्रा. र. कृ. जोशी यांनी घडविलेला ‘मंगल’ फॉन्ट घरोघरी पोहोचला. पण पेजमेकरला युनिकोड अखेरपर्यंत कळला नाही. आणि डीटीपीवाल्याची चूल पेजमेकरवर पेटत होती, त्याने प्रमाणासाठी ती विझवावी, ही अपेक्षा अन्यायाची ठरली असती. दोष द्यायचाच तर तो आपणा सर्वांना आहे. लेखक, संपादक, शिक्षक, संस्थाचालक यांपैकी एकानेही छापखान्याला कधी विचारले नाही, की आमचा मजकूर तुम्ही कोणत्या अक्षरांत साठवीत आहात?

आमचे गाव पंत अमात्यांच्या जहागिरीचे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्या काळचा मोडी कागद हाती आला, तर मोडी शिकलेला माणूस आजही तो वाचतो. त्यासाठी त्याला कोणाची किल्ली लागत नाही. आणि आम्ही अवघ्या वीस-पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेले वाचू शकत नाही! त्या स्मरणिकेत आठवी-नववीच्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांना विचारून लिहिलेल्या आठवणी होत्या. करूळ घाट पायी उतरून कोकणात गेलेली माणसे, झडीच्या दिवसांत महिनाभर बाजार न पाहिलेली घरे. त्यांतील सांगणारे बहुतेक आता नाहीत. उरलेल्या प्रतींत नेमकी तीच पाने एकमेकांस चिकटली आहेत.

अखेर कोल्हापुरातील एका डीटीपी व्यावसायिकाने हात दिला. त्यांनी एक्स्पीचा एक जुना संगणक केवळ अशाच कामांसाठी ठेवला आहे. एक्स्पीचे पोषण कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये थांबविले, म्हणून तो इंटरनेटला ते जोडत नाहीत. त्यावर आमची पाने दहा मिनिटांत उघडली; छायाचित्रांच्या जागा तेवढ्या रिकाम्या निघाल्या, कारण पेजमेकर पुष्कळदा चित्र पानात न साठविता त्याचा पत्ता तेवढा ठेवतो, आणि चित्रे सीडीवर घालण्याचे आमच्याकडून राहिले होते. मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला, तो बव्हंशी उतरला. पण जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठविली जाते. रफाराचे नेमके याच्या उलट. त्यामुळे जोडाक्षर आले की वेलांटी शेजारच्या घरी जाऊन बसते. ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते, आणि मूळ कोणते, तर तीच भिजलेली प्रत.

‘पीडीएफ करून ठेवा, झाले,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धेच खरे आहे. पीडीएफ पानाचे रूप राखते, पण आतील मुखवटे तसेच राहतात. त्यात ‘करूळ’ शोधू गेल्यास काही सापडत नाही. जुने संगणक जपावेत हाही उपाय नव्हे, कारण चकत्या झिजतात. त्यापेक्षा लिपी-कंपन्यांनी आपल्या जुन्या फॉन्टांचे संकेततक्ते खुले करावेत. ज्या मालाचा बाजार उठला, त्याचे गुपित राखून कोणाचा लाभ? ग्रंथालये, शाळा व नियतकालिके यांनी आपल्या जुन्या सीड्या, त्या वाचणारे कारागीर हयात आहेत तोवर, रूपांतरित करून घ्याव्यात. आणि शासकीय अनुदानावर निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचा मजकूर युनिकोडमध्ये जमा करण्याची अट असावी. आज त्यासाठी तांत्रिक सबब उरलेली नाही. इनडिझाइनमध्ये योग्य कंपोझर निवडला तर जोडाक्षरे नीट जुळतात; स्क्रायबस तर विनामूल्य आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने प्राचीन ताम्रपट आणि शिलालेख यांची चर्चा पुष्कळ झाली. १९९५ सालच्या सीड्यांची कोणी केली नाही.

आमच्या स्मरणिकेचे मुद्रितशोधन अजून चालू आहे. दोन माजी विद्यार्थिनी, एक तलाठी कार्यालयात काम करणारी आणि दुसरी शिक्षिका, रविवारी दुपारी शाळेत बसतात. एक भिजलेली प्रत वाचते, दुसरी वेलांट्या जागेवर आणते. एकसष्टावे पान झाले आहे. चिकटलेली पाने मात्र मुळाशी ताडता येत नाहीत. तेथे रूपांतरकाने दिलेले शब्दच मानावे लागतील. रिकाम्या चौकटींसाठी गावात घरोघरी विचारणा सुरू आहे. ज्यांच्याकडे २००२ पूर्वीची शाळेची छायाचित्रे असतील, त्यांनी ती पावसाळ्यापूर्वी आणून द्यावीत.